रकाना सहावा

कुबेर भवनात लिफ्ट बंद आहे.
तीन मजले, प्रत्येक वळणावर थांबत,
सिलिंडरची पिशवी मुलाच्या खांद्यावर,
पोचतो तोवर पारेखबेनचा चहा झालेला.
काका, सहावा रकाना कोराच आहे, त्या म्हणतात.
अपघाताची तारीख आणि वेळ.

एकतीस वर्षं हाच रकाना मी भरला,
दुसऱ्यांच्या आगींचा.
बंब परतले, बघे पांगले,
पंचनाम्यावर सह्या झाल्या की मागून मी.
राख निवायला दोन दिवस लागतात,
तेवढे कुणी देत नसे; विम्याचा माणूस दारात.
चाळणी, ब्रश, गुडघ्यांखाली गोणपाट.
भिंतीवरची काजळी वरून खाली वाचत यायची,
जिथं ती सगळ्यात अरुंद, तिथं आग जन्मली.

मंगळ बाजार, साड्यांचं दुकान: इस्त्रीची वायर.
नंदेसरी: चौदावा ड्रम, झाकण नीट बसलं नव्हतं.
मांजलपुरात सगळे निरांजनावर बोट ठेवत होते,
म्हणजे खरं तर थोरल्या सुनेवर.
मी फ्रिज पुढं ओढला आणि मागची भिंत दाखवली.
ती बाई अजून दिवाळीला लीला चिवडा पाठवते.
आता गिळवत नाही, पण डबा उघडून बघतो.

मास्क होते. आत शिरणाऱ्यांसाठी.
आमच्या वाट्याला धूर नव्हताच,
धूर गेल्यावर जे बसून राहतं ते होतं.
शिवाय मास्क लावून वास कसा घ्यायचा?
रॉकेल की थिनर, प्रयोगशाळा महिन्यानं सांगायची,
खानविलकरांचं नाक तिथल्या तिथं.
खात्यात त्या नाकाचा दरारा होता.
सध्या त्यात नळी आहे.

पारेखबेन यादी उघडतात. बोट फिरतं.
फुप्फुस आहे इथं, काका. पण त्याच्यासमोर
खाण लिहिलीय, गिरणी लिहिलीय, दगडफोड.
तुम्ही तर आग विझल्यावर जायचात ना?
विडी, सिगरेट?
लग्नाआधी, दोन वर्षं.
तो रकाना ताबडतोब भरला गेला.

हेमलता माझे शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची, निळ्या.
ते पाणी तिनं कधी झाडांना घातलं नाही.
तुला तेव्हा काय ठाऊक होतं, विचारलं
की ती हसते, आणि हसता हसता खोकते.
तिच्या खोकल्याला फॉर्मच नाही.

सयाजीतली फिल्म मी खिडकीशी धरून पाहिली, सवयीनं.
इथं सगळं उलटं असतं:
काळं ते चांगलं, पांढरं ते जळालेलं.
अरुंद जागा शोधली. सापडेना.
चारी बाजूंनी एकदमच पेटल्यासारखं.
अशा वेळी अहवालात मी दोन शब्द लिहीत असे,
कारण अनिश्चित.
त्या दोन शब्दांनी कुणाकुणाचे पैसे अडकले,
मागे वळून कधी विचारलं नाही.

गमे ते लखी दो ने, काका,
पारेखबेन हळूच म्हणतात, कुठलीही एक तारीख.
त्या वाईट नाहीत. पेन त्यांनी स्वतःचं दिलंय.
मी फॉर्मकडे नाही, त्यांच्या मागं बघतोय:
स्विचबोर्डाच्या वर एक तपकिरी डाग,
खाली निमुळता, वर पसरत गेलेला,
ताजा, फार तर आठवड्याचा.

बेन, आधी तो पंखा बंद करा.
जळका वास येतोय का इथं?
मला कळत नाही आता.